भट्टी गेली

लोखंडाची भट्टी एकदा थंड पडली की पुन्हा पेटत नाही. आतला रस गोठतो आणि तिथंच त्याचा डोंगर होतो.

ओहायोत बॉयलर असतो तो शाळेच्या तळघरात, नाहीतर जहाजावर.

ईनिड प्रॉक्टरच्या दोन्ही नडग्यांवर तांबूस जाळी उमटली आहे. आयुष्यभर आगीला चिकटून बसलेल्या बायकांची ही खूण. स्कार्नबी या आमच्या इंग्रजी गावात ती इतक्या जणींच्या पायांवर असते की कुणी तिकडे बघतही नाही.

डॉमिनोची एक सोंगटी, दोन्ही बाजूंना सहा ठिपक्यांची, कामगारांच्या क्लबातल्या टेबलाखाली उपडी पडली आहे.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतून एक पांढरी प्लॅस्टिकची नळी अंगणात उतरते. घर तापवणाऱ्या बॉयलरचं पाणी तिच्यातून ठिबकतं. कडाक्याची थंडी पडली की ती गोठते, बॉयलर गुरगुरतो आणि बंद पडतो. किटलीभर कोमट पाणी तिच्यावर ओतायचं. हे इथल्या कुणालाही ठाऊक असतं.

*

डार्लाला ठाऊक नव्हतं. ती ओहायोची. प्रॉक्टरांच्या इयनशी लग्न करून सप्टेंबरात इथं आली, आणि स्वतःचं घर मिळेपर्यंत सासूसासऱ्यांकडे राहत होती. इयन भट्टीवर कामाला. त्याचे वडील सिरिल त्याच भट्टीवर म्हातारे होऊन निवृत्त झालेले. गावात पूर्वी अशा अनेक भट्ट्या होत्या, आता ही एकच उरली होती, आणि प्रत्येक हिवाळ्यात कुणीतरी म्हणायचंच, यंदा हीसुद्धा जाणार.

सासू ईनिड नोव्हेंबरात छातीच्या दुखण्यानं इस्पितळात जाऊन आली होती. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती: हिला ऊब हवी.

डिसेंबरात एके दिवशी बर्फ पडत होता. इयन पहाटेच कामावर गेला होता. सिरिल क्लबात गेला आणि त्यानंतर थोड्याच वेळात बॉयलर बसला.

डार्लानं बटणं दाबून पाहिली. भिंतीवरच्या रेडिएटरला हात लावला, तो प्रेतासारखा लागला. कामावर इयनचा फोन कपाटात कुलूपबंद असायचा. सिरिल तर फोन बाळगतच नव्हता.

"पोरी," खुर्चीतून ईनिड म्हणाली, "आग लाव ना जरा."

डार्लानं शेकोटीच्या कोनाड्याकडे पाहिलं. तो विटांनी बुजवून वर रंग दिलेला. पुढ्यात सुकलेल्या फुलांची बरणी.

"आग?"

"हो, लाव की. तिकडं मागं आहे बघ."

मागं खिडकी होती, आणि खिडकीपलीकडे अंगणात सिरिलच्या कबुतरांचं खुराडं. त्याच्या फळ्या मोडून त्या बुजवलेल्या कोनाड्यात पेटवायच्या? ईनिड बोलते ते डार्लाला निम्मंच कळायचं. सकाळपासून तिचं तीनदा "काय म्हणालात?" विचारून झालं होतं, आणि तिन्ही वेळा ईनिड किती समजुतीनं हसली होती. चौथ्यांदा विचारायची तिला लाज वाटली.

"हो, लावते," ती म्हणाली, आणि वरून सगळी पांघरुणं घेऊन आली.

ईनिडनं पांघरुणांकडे पाहिलं, सुनेच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं. पोरीला पुन्हा सांगून ओशाळवाणं कशाला करायचं?

"मी बरी आहे," ती म्हणाली. "अगदी बरी आहे हं."

मग डार्लानं क्लबात फोन लावला.

*

क्लबात फोन ग्लेनिसनं घेतला. बारमागे उभी असते ती. तिनं हात पुसले, गल्लीतल्या मुलांना हाक मारावी तशी ओरडली:

"सिरिल! तुझ्या सुनेचा फोन. म्हणते भट्टी गेली. सकाळपासून थंड आहे, पुन्हा पेटत नाहीये. आणि ईनिडला थंडी वाजतेय, तू घरी ये म्हणून सांगितलंय."

सिरिलच्या हातून सोंगटी पडली.

"काय म्हणाली? भट्टी?"

"भट्टी गेली म्हणाली. थंड पडली म्हणे."

"इयननं कळवलं असणार तिला," विल्फ म्हणाला. विल्फ म्हणजे सिरिलच्या पाळीतला जुना सोबती. "आतली बातमी आहे."

"सगळे वरचे चोर," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "निदान नाताळ तरी होऊ द्यायचा."

"ईनिडचं काय?" ग्लेनिसनं विचारलं.

"ती घरातच आहे," सिरिल म्हणाला. "आग लावेल." आणि कोट न घालताच उभा राहिला.

तो रडायला लागला. आमच्याकडे पुरुष क्लबात रडत नाहीत. बायकोला मूठमाती देऊन आलेला माणूससुद्धा आधी हवेबद्दल बोलतो. सिरिल उभ्या उभ्या, तोंड न झाकता रडला, आणि म्हणाला, "ती जिवंत होती रे. मी तिच्यापाशी तिच्यासारखा गरम व्हायचो. माझं तिच्याइतकं कुणी…" बाकीच्यांनी टोप्या काढल्या.

मग ते सगळे बर्फातून कारखान्याच्या फाटकाकडे चालत गेले. बर्फ इतका दाट की भट्टीवरची ज्वाळा दिसेना. दिसत नाही म्हणून ती नाहीच, असं सगळ्यांनी धरलं.

*

फाटकाशी आवाज ऐकू आला. पोटात घुमणारा, आयुष्यभर ओळखीचा. मग बर्फ थोडा फाटला आणि वर नारिंगी ज्वाळा दिसली.

पहारेकऱ्यानं इयनला बोलावून आणलं.

"बाबा? काय झालं? कोण मेलं?"

"भट्टी…" सिरिल म्हणाला.

"तिला काय झालंय? आत्ताच तिचा रस ओतला आम्ही."

"तुझ्या बायकोनं फोन केला. भट्टी गेली, थंड पडली, पेटत नाही."

इयनच्या लक्षात आलं. मग खांद्यावरून मागं पाहत हसू दाबायला लागला, कारण त्याचे सोबती ऐकत होते. आणि मग त्याचं हसू गेलं.

"बाबा, बॉयलर. ती बॉयलरबद्दल बोलत होती. तिकडं त्याला भट्टी म्हणतात." आणि लगेच: "आई कुठंय?"

*

घराकडे जाताना सिरिल मनात जुळवत गेला ते असं:

तू समजतेस कोण स्वतःला. दहा माणसांना बर्फात नाचवलंस. जिथं आलीस तिथली भाषा शिकायची. भट्टी म्हणजे खेळणं नाही, पोरी, तिनं माणसं खाल्लीत इथली.

त्यातलं एक वाक्यही तो बोलला नाही.

*

दारात रुग्णवाहिका उभी होती. डार्लानंच बोलावलेली. ईनिडचे ओठ निळसर झाले होते, आणि पांघरुणांच्या ढिगातून तिचा श्वास करवतीसारखा येत होता. रुग्णवाहिकेतला माणूस तिच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवत होता.

"इथं तर बाहेरच्यापेक्षा थंडी आहे," तो म्हणाला. "घरात एखादी आग नाही का?"

सिरिलनं ईनिडच्या खुर्चीमागं हात घातला. क्रोशाचं झाकण ओढलं. खाली दोन कांड्यांची विजेची आग होती, वायर गुंडाळलेली. त्यानं ती लावली. कांड्या तडतडल्या आणि लाल झाल्या.

डार्ला त्या लाल कांड्यांकडे बघतच राहिली.

"ही?" ती म्हणाली. "हा तर हीटर आहे."

मुखवट्याखालून ईनिडनं हात थोडा हलवला, जसं काही दोष तिचाच होता.

त्यांनी तिला नेलं. डार्ला सोबत गेली. गाडीत एकालाच जागा होती आणि सिरिलनं ती मागितली नाही. त्यानं किटलीत पाणी कोमट केलं, अंगणात जाऊन नळीवर ओतलं. बॉयलर धप्प करून पेटला. रिकामं घर ऊबदार झालं. तो बाहेरच उभा राहिला.

*

ईनिड परत आली तेव्हा वसंत लागला होता. तेव्हापासून ती जिना चढत नाही, पलंग खालीच मांडलाय. डार्ला आता बॉयलरला बॉयलर म्हणते, फार जपून, जसं कुणाच्या तरी घरातलं काचेचं भांडं उचलावं. सिरिल समोर असला की म्हणतच नाही, नुसतं बोट दाखवते.

क्लबात सिरिलला विचारतात, "काय रे, घरची भट्टी काय म्हणते?" तो हसतो. त्या थट्टेनं त्याला बरंच वाटतं, कारण ती फाटकावरच्या फजितीबद्दल असते आणि खुर्चीमागच्या आगीपर्यंत पोचत नाही.

एकदाच तो म्हणाला, "मला काय माहीत रे, तिकडं बॉयलरला भट्टी म्हणतात ते!"

विल्फ सोंगट्या लावत राहिला. ग्लेनिसनं आधीच पुसलेला ग्लास पुन्हा पुसायला घेतला.

सप्टेंबरात, डार्ला आली त्याच आठवड्यात, सिरिलनं याच टेबलावर सगळ्यांना हसून हसून सांगितलं होतं की आमची नवी सून बॉयलरला भट्टी म्हणते.