पाटीभर जिवंत माती

रखमा आजारी आईपाशी महिनाभर केळव्याला जाऊन राहिली आणि इकडे उमरोळीत तिच्या दिराने, झुंबरने, डाव साधला. तिच्या वाटणीच्या रानाची वरची काळी माती त्याने परस्पर भरावाच्या ठेकेदाराला उचलून दिली. रखमा परतली तेव्हा नुसता मुरूम उघडा पडला होता. तिला रडू आलं नाही, तळपायाची आग मस्तकात गेली.

"वहिनी, आता हितं कायपन उगवायचं नाय," झुंबर साळसूदपणे म्हणाला. "गोदामवालं गिऱ्हाईक हाय. देऊन टाका."

"मी जिती हाय तवर नाय."

हट्टाने तिने विहिरीचं पाणी घालून वाल पेरला. तो पिवळा पडला. पालघरच्या कॉलेजात शिकणाऱ्या तिच्या लेकीने, रिद्धीने, एक रोप उपटून मुळं न्याहाळली.

"गाठीच नायत, आई. हवेतला नायट्रोजन झाडाला तसाच खाता येत नाय. मुळांच्या गाठींत जिवाणू राहतात, ते त्याचा अमोनिया करून झाडाला भरवतात. आपले जिवाणू मातीबरोबर ट्रकात गेले."

"गेले तर दुसरे आणू. तात्यांच्या वालाला गाठी हायत ना?"

शेजारच्या तात्यांनी हसत हसत का होईना, माती दिली. पुढच्या हिवाळ्यात रखमाने ती पाट्या भरभरून डोक्यावरून वाहिली, ओल्या बियाण्याला चोळली, रानात पसरली. गावाची फुकट करमणूक झाली. हसणाऱ्यांचं काय जातं? मान तिची मोडत होती.

वाल हिरवागार झाला, आणि झुंबर गिऱ्हाईक घेऊन हजर.

"चोरून युरिया घातलाय हिनं," तो म्हणाला. "जमीन मेलेलीच हाय."

रखमाने एक रोप उपटलं, मुळावरची गाठ नखाने फोडली आणि त्याच्या तळहातावर दाबली. आत लालसर ओल होती.

"मेलेल्याला रगत असतं, भाऊजी?"

गिऱ्हाईक वाकून बघू लागलं. "हे काय आहे?"

"कुळं," रखमा म्हणाली. "हितंच राहतात, हितंच राबतात. ती हलायची नायत, आन मी हलवू द्यायची नाय."

कूळ म्हटलं की कूळकायद्याच्या धाकाने भलेभले खरेदीदार मागे सरतात. हाही गाडीकडे वळला.

"उद्या दुसरा आणीन!" झुंबर चिडून ओरडला.

"आणा. पन बांधावरच उभे ऱ्हावा. आत माझं रान जितं हाय."