कढईतली गर्दी

थोरल्या मुलीला दुसरी मुलगी झाली, त्या वर्षीच्या थंडीत एका रविवारी सकाळी म्हातारा ओट्यापाशी उभा राहून मटणाचे तुकडे फडक्याने टिपत होता. पापुद्रे सोलून झाले होते. ओलं मांस तेलात टाकलं की ते भाजत नाही, नुसतं उकडतं, हे त्याला पाठ झालं होतं. पाठ करून घेणारी आतल्या खोलीत लोखंडी खाटेवर पडून होती.

म्हातारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकीण होती. पाळीपाळीने येणाऱ्या माणसांना तिने उभ्या जन्मात कच्चं वाढलं नव्हतं. कंबरेचं हाड मोडल्यापासून मात्र ती छताकडे बघत होती. म्हातारा छापखान्यात मशीनवर होता. तिथल्या खडखडाटाने त्याचे कान गेले. पुरते नाहीत, मोठ्याने बोललेलं कळे, पण कढईतली चरचर त्याच्यापर्यंत पोचत नसे. तिला ती भिंतीपलीकडून ऐकू येई. कढईत तुकडे जास्त झाले, पाणी सुटून आवाज बसला, की ती हातातला स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर आपटे. मागोमाग हाक येई.

"अहो, गर्दी केलीत. अर्धे काढा."

"काढतो, काढतो."

"बसगाडी नव्हे ती, कोंबायला."

दिवसभरातलं त्यांचं बोलणं बहुतेक एवढंच. छापखान्यातले सोबती एकेक करून गेले होते. मुलीचा फोन आला की म्हातारी बोले आणि हा शेजारी बसून मान हलवी. विजेचं मंद शिजवायचं भांडं मुलीनेच पाठवलं होतं. त्यात राजमा, टोमॅटो, लाल मिरची आणि भाजलेलं मटण घालून झाकण लावलं, की संध्याकाळपर्यंत त्याला माणूस लागत नसे. मुलीला वाटलं होतं, बाबांचा त्रास वाचेल. त्रास वाचला, आणि दुपार तेवढी लांब झाली.

म्हणून हल्ली तो कधीकधी मुद्दाम चार तुकडे जास्तीचे टाकी, आणि पेल्याची वाट बघत उभा राही.

त्या रविवारी त्याने सगळं ताटच कढईत उलटं केलं.

वाफ आली. तुकडे करडे पडले, त्यांच्याभोवती पाणी साचलं. त्याने भिंतीकडे पाहिलं. उलथनं कढईच्या काठावर जरा आपटलं. आतून काही आलं नाही. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. मग हातातलं उलथनं घेऊनच आत गेला.

म्हातारी दाराकडे तोंड करून पडली होती. डोळे उघडे होते. पेला खिडकीत, तिने हात लांब करून ठेवला असावा असा, पालथा होता.

"मेले नाही," ती मोठ्याने म्हणाली.

तो खाटेच्या कडेला टेकला. उलथन्यावरून एक थेंब चादरीवर पडला.

"पेला का नाही वाजवलास?"

"बघत होते, किती वेळ वाट बघता ते."

"मटण उकडलं सगळं."

"उकडू दे. एक दिवस चिवट खाऊ. दात तसेही कपातच असतात." मग थांबून म्हणाली, "मुद्दाम करता ना? इतकी माणसं जेवायला घातली मी, मला कळत नाही होय?"

तो चादरीवरचा डाग बोटाने पुसत राहिला. डाग आणखी पसरला.

"राहू द्या तो. छापखान्यात मशीन बिघडलं की तुम्हाला कसं कळायचं? कानांनी?"

"छे. हात ठेवून."

"मग कढईला काय काटे आलेत?"

त्याने आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"मी काय जन्मभर पेला वाजवत बसू? जा. गॅस चालू आहे."

त्याने उकडलेले तुकडे काढून पाणी निथळलं, ते फडक्यावर पुन्हा कोरडे केले. कढई पुसून तापत ठेवली. तेल टाकलं, थोडेच तुकडे सुटे सुटे मांडले आणि लाकडी मुठीवर दोन बोटं ठेवली. आधी काहीच कळलं नाही. मग बारीक थरथर बोटांत आली. कागद नीट सरकत असला की मशीनच्या अंगात असायची तशी. त्याने आणखी तुकडे टाकले. थरथर मऊ झाली, मग जड. त्याने दोन तुकडे उचलून बाहेर ठेवले. थरथर परत आली.

त्याने भिंतीकडे पाहिलं. आतून काही आलं नाही. या वेळी तो आत गेला नाही. तुकडे उलटवले, तांबूस झाले तसे भांड्यात टाकले आणि पुढचे मांडले.

संध्याकाळी तिने दोन घास खाल्ले. चिवट आहे म्हणाली नाही.

पेला त्यानंतर खिडकीतच राहिला. तो रोज पुसून पुन्हा तिथेच ठेवी, उताणा, तिच्या हाताला येईल असा. तिने तो वाजवला नाही.

धाकट्या नातीला पहिला दात आला, त्याच आठवड्यात म्हातारी वारली. मंगळवार होता, दुपारची वेळ. भांडं चालू होतं.