बॉनेटवरच्या अक्षता

"उंदराला शांतता लागती, सिंधु. ती त्याला मिळू द्यायची न्हाई. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, धा मिनिटं इंजिन चालवायचं. मी असलो काय, नसलो काय. लिंबाजीला दम लागला की दारातली गाडी एका चावीत सुरू व्हायला पायजे."

भुजंगरावांनी हे दवाखान्याच्या खाटेवर पडून सांगितलं होतं. घराबद्दल, पेन्शनच्या कागदांबद्दल एक शब्द नाही. सांगितलं ते गाडीचं. चौथ्या दिवशी ते गेले, आणि सिंधुबाईंच्या नेमात आणखी एका नेमाची भर पडली.

आंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, मग गाडी. औशातल्या त्या बोळात, दारासमोर कडुलिंबाखाली उभी असलेली जुनी पांढरी गाडी. सिंधुबाईंना ती चालवता येत नव्हती. चावी फिरवून इंजिन सुरू करणं तेवढं यांनी शिकवून ठेवलं होतं. दहा मिनिटं त्या सीटवर ताठ बसून रामरक्षा म्हणायच्या. मग बॉनेट उघडून आत टांगलेली तंबाखूची पुरचुंडी हुंगून बघायच्या. वास उतरला असला की नवी बांधायच्या. चार कोपऱ्यांत डांबरगोळ्या ठेवायच्या. बॉनेट लावलं की त्यावर कुंकवाचं बोट ओढायच्या. स्वतःच्या कपाळाचं कुंकू गेल्या भाद्रपदात पुसलं गेलं होतं; गाडीचं कपाळ मात्र त्यांनी एक दिवस उघडं ठेवलं नाही. वर चिमूटभर अक्षता वाहायच्या आणि काचेच्या पायथ्याशी, वायपरपाशी, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य ठेवायच्या. दुपारपर्यंत तो संपलेला असे. चिमण्या-कावळे नेत असतील, असं त्यांना वाटे. कधी कधी वाटे, यांच्यापर्यंत पोचत असेल.

समोरच्या ओट्यावर बसलेले लिंबाजी हे सगळं बघत. सव्वीस वर्षं दोघांनी एका एसटीत काढलेली. स्टिअरिंगवर भुजंगराव, घंटीच्या दोरीला लिंबाजी. औसा-मुखेड गाडीला अख्खा रस्ता या जोडीच्या नावानं ओळखायचा. निवृत्तीनंतर भुजंगरावांनी ही गाडी घेतली, तेव्हाही शेजारच्या सीटवर बसून लिंबाजी आधी दोन बोटांनी समोरच्या पत्र्यावर टक-टक करत. मगच भुजंगराव गिअर टाकत.

"वैनी," लिंबाजी ओट्यावरून हाक मारत, "गाडीला पेट्रोल लागतंय. गूळ-खोबरं न्हाई लागत."

"तुम्हाला देवाधर्माचं काय कळतंय, भाऊजी?"

"मला घंटीचं कळतंय. भुजंग्याला घंटी दिल्याबिगर देवबी जागचा हलत नव्हता." मग हसता हसता त्यांना खोकला येई, आणि आतून त्यांची बायको पारूबाई ओरडत, "झालं? खोकत बसा आता! बोलल्याबिगर राहवत न्हाई ह्या माणसाला."

लिंबाजींचं काळीज थकलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, असा दम लागला की इथं थांबू नका, सरळ लातूर गाठा. म्हणून दुसरी चावी त्यांच्या मुलाकडे, आनंदराजकडे असायची. पोस्टात कामाला होता, गाडी चालवायचा. त्यानं एकदा उंदराच्या औषधाची पुडी आणली होती.

सिंधुबाईंनी हात मागे घेतले. "नगं रे बाबा. चतुर्थी धरते मी. गणपतीचं वाहन हाय ते."

"काकू, गणपतीच्या वाहनानं काकाचं वाहन खाल्लं, म्हणजे?"

"न्हाई खात. तंबाखू हाय, गोळ्या हायेत. अन् रोज चालू करते की मी."

तो हसला आणि पुडी खिशात घालून गेला.

त्या मंगळवारी सकाळी सिंधुबाई तुळशीपाशी होत्या, तेव्हा पारूबाईंची हाक आली. हाक कसली, नुसताच ओरडा. लिंबाजींना आनंदराजनं काखेत धरून आणलं होतं. ओठ निळे पडलेले. गाडीचं दार सिंधुबाईंनीच उघडलं. लिंबाजी सीटवर टेकले, आणि त्या अवस्थेतही त्यांची दोन बोटं पत्र्यावर आपटली. टक-टक.

आनंदराजनं चावी फिरवली. इंजिन घर्र घर्र करून थांबलं. पुन्हा फिरवली. पुन्हा घर्र घर्र.

"अरे, काय करायलास तू?" पारूबाई खिडकीत ओरडल्या. "काल तर झाली होती की चालू! वैनीला जमतंय अन् तुला जमंना?"

"थांब ना, आई!"

लिंबाजींनी पुन्हा बोटं उचलली. या खेपेला आवाज आला नाही.

मग ढकलणं झालं. मागून पारूबाई, सिंधुबाई आणि दूधवाला वैजनाथ. गाडी बोळाच्या तोंडापर्यंत गेली, दोनदा गचके खाल्ले आणि उभी राहिली. वैजनाथनं धावत जाऊन ऑटो आणला. लिंबाजींना उचलून त्यात घातलं. लातूरच्या अर्ध्या वाटेवर, एका ढाब्यासमोर, पारूबाईंच्या मांडीवर ते गेले.

दुपारी त्यांना घरी आणलं. गाडीही ढकलून पुन्हा दारासमोर कडुलिंबाखाली लावली. निळा झेंडा आला, मुखेडहून नातलग आले. बुद्धवंदना चालू असताना सिंधुबाई भिंतीला टेकून हात जोडून उभ्या होत्या. शब्द त्यांना येत नव्हते, पण ओठ हलत होते. नंतर पारूबाईंनी त्यांचा हात धरला.

"वैनी, एक सांगा. मिस्त्री गाडी बघंल तवा काय निघंल ते मला सांगा. पोराच्या हातून घोळ झाला का, का आणखी काय. माझा माणूस कशानं थांबला ते मला कळायला पायजे."

"सांगते."

"खोटं न्हाई ना सांगणार? तुम्ही नेमाधर्माच्या बाई हाव म्हणून विचारते."

"जे निघंल ते सांगते, पारूबाई."

दोन दिवस पारूबाई लेकाशी बोलल्या नाहीत. तो ओट्यावर, बापाच्या जागी बसून राही. तिसऱ्या सकाळी तो सिंधुबाईंपाशी आला, दाढी वाढलेली.

"काकू, मी चावी लई वेळ फिरवली का? घाबरल्यावर पेट्रोल जास्त होतंय म्हणतेत इंजिनात. तुम्ही कशी फिरवत होत्या? हळू का?"

"तुझं काय चुकलं न्हाई, लेकरा."

"तुम्हाला काय माहीत?" तो म्हणाला आणि निघून गेला.

त्याच दिवशी नागप्पा आला. निलंग्याकडचा मिस्त्री, भुजंगरावांच्या डेपोतला. तंबाखूची युक्ती त्यानंच सांगितलेली. बॉनेट उघडून त्यानं आत हात घातला आणि वायरींचा झुपका ओढून दाखवला. तांब्याच्या तारा उघड्या पडलेल्या, दोन तर मधोमध तुटलेल्या.

"हे एका रात्रीचं काम हाय, अक्का. सोमवारी तुम्ही बंद केली, त्याच्या मागनं."

"एवढी काळजी घेऊन?"

"तेच मला कळंना. तंबाखूच्या वासात ऱ्हायला त्याला एवढं काय मिळत होतं?"

त्यानं एअर फिल्टरचा काळा डबा उघडला. डब्यात घरटं होतं. कापूस, कागद, कुरतडलेल्या वायरींचे लाल-निळे तुकडे. तंबाखूची पुरचुंडी बांधायचं फडकंही त्यात होतं. मधोमध चार गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं. आणि त्यांच्या भोवती तांदूळ. मूठभर नाही, ओंजळभर. कुंकवानं लाल झालेले. त्यात खोबऱ्याचे तुकडे.

नागप्पानं काचेखालच्या जाळीकडे बघितलं, मग बॉनेटवरच्या वाळलेल्या कुंकवाकडे. जाळीत बोट घालून त्यानं आणखी चार दाणे काढले.

"घरटं एका रात्रीचं न्हाई, अक्का," तो हळूच म्हणाला. "हितनं खाली पडत होतं. रोजच्या रोज."

सिंधुबाईंनी मनात महिने मोजले. दहा महिने. एकही दिवस चुकला नव्हता. अंगात ताप असतानाही काठी टेकत येऊन त्यांनी अक्षता वाहिल्या होत्या.

"मी फेकून देतो हे," नागप्पा म्हणाला. "उंदरानं वायर खाल्ली, एवढंच सांगायचं. खोटं थोडंच हाय? तांदळाचं कुणाला कळायची गरज न्हाई. गेलेलं माणूस काय परत येतंय का?"

"आनंदराजवर आळ हाय."

"उंदीर म्हणलं की त्याच्यावरचा आळ गेलाच की. तुमचं नाव कशाला मधी आणता?"

ते खरंच होतं. अर्ध्या सांगण्यानं आनंदराज सुटत होता, त्याही सुटत होत्या. त्यांनी समोरच्या घराकडे बघितलं. दार लोटलेलं होतं. फटीतून लिंबाजींच्या फोटोपुढची मेणबत्ती दिसत होती. ओट्यावर ते बसायचे तिथे फरशी गुळगुळीत झालेली.

गूळ-खोबरं न्हाई लागत, वैनी.

"पिल्लं घेऊन जा," सिंधुबाई म्हणाल्या. "बाकीचं राहू द्या."

नागप्पानं पिल्लं रुमालात घेतली. त्यांचं काय करणार, हे सिंधुबाईंनी विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदाच विचारलं नाही.

तो गेल्यावर त्या घरात गेल्या. देवापुढे क्षणभर उभ्या राहिल्या, पण हात जोडले नाहीत. पूजेचं तबक उचललं. कुंकवाचा करंडा, अक्षतांची वाटी, निरांजन एकेक करून खाली ठेवलं. रिकामं तबक पदरानं पुसलं. मग गाडीपाशी येऊन ते घरटं जसंच्या तसं दोन्ही हातांनी उचललं आणि तबकात ठेवलं. खाली सांडलेले दाणेसुद्धा वेचून घेतले.

रोज संध्याकाळी दिवा घेऊन तुळशीपाशी जाताना वाऱ्यानं तो विझू नये म्हणून त्या तबकावर पदराचा आडोसा धरत. आज दिवा नव्हता. तरी सवयीनं त्यांचा हात पदराकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला, तबक उघडंच ठेवलं, आणि समोरच्या दाराकडे चालू लागल्या.