आई, गोळ्या घेऊ नको

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. काळ्या पडद्यापुढे ध्वनीबाबा डोळे मिटून बसले होते आणि स्पीकरमधून मेलेली माणसं बोलत होती.

"आत्मा लहरींवर येतो, लेकरांनो! फोन बंद ठेवा, लहरी बिथरतात!"

बिथरणारच! आठवडाभर आधी बाबांनी प्रत्येकाकडून गेलेल्या माणसाचे फोनवरचे सगळे बोलके निरोप मागवून घेतले होते, 'आत्म्याची ओळख पटावी' म्हणून. सर्वज्ञाला ओळख कशाला लागते, हे कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही.

धाकटीच्या मात्र शिरलं होतं. ती स्टुडिओत जाहिरातींचे आवाज कापून जुळवायची. थोरली लेक गेल्यापासून खचलेल्या आईला एकटीला कसं सोडायचं म्हणून आली होती, पर्समध्ये रेकॉर्डर चालू ठेवून.

स्पीकर खरखरला. "आई… गोळ्या घेऊ नको… मी आलेच."

पाच महिन्यांपूर्वी अपघातात गेलेल्या ताईचाच आवाज! क्षणभर धाकटीलाही खरं वाटलं. आईने हंबरडा फोडला आणि दुसऱ्या दिवसापासून हृदयाच्या गोळ्या बंद केल्या.

"अगं, डॉक्टरांनी काय बजावलंय?"

"डॉक्टर मोठे की माझी लेक? न्यायला येतेय ती मला."

तिसऱ्या दिवशी आई धापा टाकत जिन्यातच बसली. धाकटीने तिला धरून वर आणलं आणि संगणकासमोर बसवलं. पडद्यावर आवाजाच्या दोन नागमोडी पट्ट्या होत्या.

"वरची पट्टी सभागृहातली, खालची तुझ्या फोनमधली. 'गोळ्या' बघ. तोच चढ, तोच उतार, तेवढाच वेळ. माणूस तोच शब्द दोनदा हुबेहूब बोलत नाही गं. आता नीट ऐक."

'आई, गोळ्या'च्या मागे ताईच्या ऑफिसातला पंखा खडखडत होता. 'घेऊ नको'ला पंखा गायब, आणि मागे बस घरघरत होती.

"एका वाक्यात ती ऑफिसातही आणि रस्त्यावरही? दोन निरोप कापून जोडलेत मेल्यांनी. मी रोज हेच काम करते, आई."

"म्हणजे ती आलीच नव्हती," आई म्हणाली.

"नाही गं."

"आज पुन्हा गेली माझी पोर."

धाकटीला रडू कोसळलं. आईने तिचा हात घट्ट धरला. "तुला जोडता येतं ना? मग एकदाच तिला 'आई, मी घरी आले' म्हणायला लाव. एकदाच!"

तुकडे सगळे होते. दोन मिनिटांचं काम. धाकटीने माउस हातात घेतला आणि सोडून दिला.

"नाही आई. ती जे बोललीच नाही, ते तिच्या तोंडी मी घालणार नाही." तिने दोन्ही निरोप अख्खे लावले.

"आई, गोळ्या संपल्या का गं? येताना आणते. आणि वेळेवर घेत जा, किती वेळा सांगायचं!"

"भाजीची पिशवी जड असेल, तू घेऊ नको. थांब तिथेच, मी आलेच."

हा शेवटचा निरोप होता. आईने त्या दिवशी कोपऱ्यावर पिशवी ठेवून तासभर वाट पाहिली होती.

"घेते गं बाई, घेते," आई पडद्याकडे बघत म्हणाली आणि गोळीसाठी हात पुढे केला.

पुढच्या सभेला आई सभागृहाच्या दारात उभी राहिली. हातात फोन, डोळे सुजलेले. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला ती दोन्ही आवाज ऐकवत होती, बाबांचा आणि मूळचा. "आपलं माणूस परत येत नाही हो," ती सांगत होती. "मलाही पटत नव्हतं. पण त्याचा आवाज परक्याच्या हाती देऊ नका. घरी बसून अख्खा ऐका, आणि मग विचार करा."