लाल वर्तुळ दाराबाहेर

दार सात फुटांचं आणि माझं चित्र आठ बाय आठ. शाळेत वर्षानुवर्षं पोरांकडून पट्टीने रेघा मारून घेतल्या, आणि स्वतःच्या घराचं दार मोजायचं राहिलं. खाली मुलुंडच्या आमच्या गल्लीत टेम्पो उभा, उद्या माझ्या पहिल्यावहिल्या प्रदर्शनाचं उद्घाटन, आणि तिथली मधली भिंत या एकाच चित्रासाठी राखलेली. मी नवऱ्यावर खेकसले. मुकुलची काही चूक नव्हती, पण घरात दुसरं होतं कोण?

खरं दुखणं वेगळंच होतं. चित्र मेलेलं होतं. पिवळ्या चौकोनात जवळजवळ काठाला टेकलेलं भलंमोठं लाल वर्तुळ. तो लाल मी कितीदा बदलला, शेंदरी केला, कुंकवासारखा केला. वर्तुळ आपलं जेवून सुस्तावल्यासारखं मधोमध बसलेलं. मुकुल दरवेळी "छान" म्हणायचा आणि मला जास्तच राग यायचा. हे चित्र फसलं, तर शाळेतली सोडलेली नोकरी मुकाट्याने परत धरायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

चित्र प्लायवूडच्या दोन फळ्या जोडून केलेलं. मुकुलने मागचे स्क्रू काढले आणि वर्तुळ बरोबर मधून दुभंगलं. एकेक फळी आम्ही आडवी करून बाहेर नेली, लिफ्टसमोरच्या भिंतीला उभी टेकवली. दम खायला मी जिन्याच्या पायरीवर बसले, समोर पाहिलं आणि ताडकन उठले.

घाईत डावी फळी उजवीकडे लागली होती. दोन्ही अर्धवर्तुळांची पोटं समोरासमोर, मध्ये जेमतेम दोन बोटं पिवळा. पण काय तो पिवळा! इतके महिने नुसता पसरलेला, आता दोन लालांच्या कचाट्यात सापडून पेटला होता. लाल दोन्हीकडून धावून येत होता आणि पोचत नव्हता. जमलं होतं. खरंच जमलं होतं.

मुकुल फळ्यांची अदलाबदल करायला पुढे झाला.

"हात लावू नकोस."

"अगं, चुकीचं लागलंय. वर्तुळ तुटलंय ना."

"तुटू दे. ये, इथून बघ."

तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मान तिरकी करून त्याने मधल्या पिवळ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "मधे बोट घातलं तर चिरडेल गं."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी फळ्यांच्या पाठीवर खडूने डावं-उजवं लिहिलं आणि मुकुलला टेम्पोबरोबर पुढे जायला सांगितलं. आतल्या खोलीत प्रदर्शनाची बाकीची चित्रं उभी होती, तीही प्लायवूडवरचीच, सगळी अजून अखंड आणि सुस्त.

"जाण्याआधी एक सांग," मी म्हटलं. "आपली करवत कुठे आहे?"