बघू दे त्याला

हिरवा ठिपका. मोहरीएवढा, संगणकाच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, आणि शेजारी बारीक अक्षरांत – एक पाहुणा, हॅनकॉक, मिशिगन. म्हणजे याच गावातला. म्हणजे खिडकीतून वाकून पाहिलं तर कदाचित दिसेलही... इर्माने वाकून पाहिलंही. रस्त्यावर बर्फ ढकलणारी गाडी होती आणि तिच्याकडे कंटाळून पाहणारा एक कुत्रा. ती पुन्हा पडद्याकडे वळेपर्यंत ठिपका विझला होता.

कालही असंच. परवाही असंच. तो दुकानाच्या वेबसाइटवर येतो, गोल सौना-शेगडीचा, म्हणजे वाफेने घाम काढायच्या खोलीतल्या शेगडीचा, फोटो उघडतो – भावाने, रूडीने, स्वतः जोडलेली, वर दगड रचायला खोलगट जागा असलेली – आणि नजर ठरेल असं वाटतं न वाटतं तोच पळतो. नाव नाही, फोन नंबर नाही. वेबसाइट बनवून देणाऱ्या ट्रेंटच्या भाषेत, पाहुणा आहे पण लीड नाही. नाव आणि नंबर हाती लागले की पाहुण्याचं लीड होतं, लीडचं गिऱ्हाईक होतं. सुरवंटाचं फुलपाखरू व्हावं तसं. फक्त सुरवंटाला पळून जायची मुभा नसावी.

मागच्या कारखान्यातून रूडी आला. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर, हातात रिकामा मग.

"काय गं, लागला का मासा?"

"येऊन गेला."

"ट्रेंटसाहेबांच्या त्या पोरीने काय केलं मग? बोलली की नाही?"

"बोलली."

"बोलणारच. तिला दुसरं काय काम आहे." कॉफीने मग भरून झाल्यावरही तो उभाच राहिला. "इर्मा, संध्याकाळी मी ग्रीन बेला फोन करतोय. त्या बॉयलरवाल्यांना नोकरीबद्दल आज उत्तर हवंय. इकडे कुणी शेगडी विचारली असती तर गोष्ट वेगळी होती."

आणि गेला. भाऊ हा असाच, वाईट बातमी कॉफीबरोबर देऊन टाकतो. रूडी गेला की मागची भट्टी थंड, भट्टी थंड की 'सारी आणि मंडळी' ही पाटी उतरवायला शिडी शोधा. आमचं आडनाव सारी; मंडळी म्हणजे मी. मी काही लोखंड जोडत नाही, मी फक्त ठिपके बघते...

ती पोरगी म्हणजे मॅडी. पान उघडल्यावर पाच सेकंदांत कोपऱ्यातून उसळून वर येणारा फुगा, त्यात कानाला माइक लावलेल्या, जन्मात कधी घाम न आलेल्या मुलीचा फोटो, आणि शब्द – हाय! आज कसं वाटतंय तुम्हाला? ट्रेंटने शिकागोहून फोनवर समजावलं होतं, "इर्मा, माणूस म्हणजे मासा. पाच सेकंदांत गळ ओढला नाहीस की संपलं!" तेव्हाच तिच्या मनात आलं होतं की हा कधी गोठलेल्या तळ्यावर बसलेला नाही. मासा धरायचा तर बर्फाला भोक पाडून बादलीवर दिवसभर बसायचं असतं, तोंड मिटून. पण वेबसाइटचं शास्त्र वेगळं असेल, असं मानून ती गप्प बसली. फिनिश लोकांच्या या गावात गप्प बसायला कुणाला शिकवावं लागत नाही.

पाच सेकंद. आज कसं वाटतंय तुम्हाला?

आणि एकदम तिला जुनं गिऱ्हाईक आर्वो हेक्किला आठवला – बाबा असतानाचा तो उन्हाळा, दुकानात मदतीला ठेवलेली डेट्रॉइटची मुलगी, दारातून आत आलेला आर्वो, आणि ती मुलगी हसत पुढे, "गुड मॉर्निंग! कसे आहात?" आर्वो उलट्या पावली बाहेर गेला. अंत्यविधीला चुकून दुसऱ्याच घरी शिरावं तसा. बाबा काउंटरमागून एवढंच म्हणाले, "बघू दे त्यांना." बाबांच्या दुकानात माणूस शेगडीसमोर उभा राहायचा, तिच्या दाराची कडी उघडून बंद करायचा, पुन्हा उघडायचा. बाबा न विचारता कॉफी ठेवायचे. जाताना तो म्हणायचा, "हं." बाबा म्हणायचे, "हं." मग कधीतरी तो शेगडी न्यायला ट्रक घेऊन यायचा. फिनिश माणसाला कसं वाटतंय हे त्याच्या बायकोनेही विचारलेलं नसतं... आणि आपण ते गावभर विचारत सुटलोय, एका अनोळखी पोरीच्या तोंडून!

तो शेगडीपासून नाही पळत. मॅडीपासून पळतोय.

मॅडीला बंद करायला एक बटण होतं. खात्री आहे का, असं त्याने दोनदा विचारलं. मग फोटोखाली तिने लिहिलं – बघा. घाई नाही. दुकानात कॉफी असते. नाव-नंबर-ईमेलचे सक्तीचे रकाने पुसले, एकच रिकामी चौकट ठेवली: काही विचारायचं असलं तर.

दुपार कलली. बर्फ ढकलणारी गाडी परत गेली. ठिपका उगवला.

हॅनकॉक. गोल शेगडी. पाच सेकंद झाले, काहीच उसळलं नाही. ठिपका तिथेच. फोन वाजला – ट्रेंट. "इर्मा, मॅडी बंद कशी? कुणीतरी आत आहे, मला दिसतंय! पकड त्याला!"

"बघतोय तो," ती म्हणाली आणि फोन पालथा घातला.

दार उघडलं. रूडीच्या अंगावर कोट होता, हातात मोबाइल.

"आहे कुणी?"

"आहे."

"काय म्हणतोय?"

"काही नाही."

"केव्हापासून?"

"बराच वेळ."

रूडीने टोपी काढली. पडद्यावर वाकला. पाहुण्याने फोटोचा जो भाग मोठा केला होता, तो तिथे दिसत होता. "दाराची कडी बघतोय," तो म्हणाला – आवाज खाली आणून, जणू त्याला ऐकू जाईल. "ती कडी मी तीनदा बदलली होती." मोबाइल त्याने कोटाच्या खिशात टाकला, आणि कोट न काढताच कॉफीकडे हात नेला.

चौकट रिकामीच होती. ठिपका जळत होता, न लुकलुकता. इर्माच्या लक्षात आलं की आपण खुर्ची टेबलापासून मागे, भिंतीपर्यंत सरकवली आहे – समोर कुणाला तरी उभं राहायला जागा व्हावी म्हणून.