गुलाबी हिरडीची गाडी

आता तुम्हीच सांगा, बावन्न वर्षांच्या माणसानं, गुडघे कुरकुरत असताना, रोजच्या जाण्यायेण्यासाठी चाळीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी का? हौसेला मोल नसतं हे खरं, पण हौसेला निदान मागची सीट तरी असावी की नाही! ह्या गाडीला तीही नव्हती. दोन माणसं, वर कापडी छत आणि रंग एकेकाळी लाल.

घेणारा माणूस कवळ्या करायचा. दिवसभर लॅबमध्ये बसून गुलाबी हिरड्या घडवायच्या, त्यात दात बसवायचे आणि डब्यांत भरून दवाखान्यांत पोचवायचे. सगळे त्याला कवळीकारच म्हणत. गाडी होती दातांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. वीस वर्षं त्यांच्याकडे कवळ्या द्यायला जाताना हा तिच्याकडे चोरून बघत आला होता. पुढे डॉक्टरांची कंबर गेली. गाडीत बसले की त्यांना दोघांनी ओढून बाहेर काढावं लागे. शेवटी एकदा ते म्हणाले, "घेतोस का?" आणि ह्यानं बायकोला न विचारता हो म्हणून टाकलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

बायको म्हणजे साक्षात मोठ्या बाई. शाळेच्या मुख्याध्यापिका. सतरा वर्षांत एक दिवस उशीर नाही. शाळेतली उशिराची वही त्यांनीच सुरू केलेली. शिक्षक असो की शिपाई, साडेदहाची घंटा चुकली की वहीत वेळ लिहायची आणि पुढे कारण. कारण खरं हवं. कुणी 'अपरिहार्य कारणामुळे' असं लिहिलं, तर बाई खाली लाल शाईनं विचारायच्या, 'म्हणजे काय?'

गाडी दारात आली तेव्हा बाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"आणि आपली चांगली गाडी?"

"ती लेकीला दिली. तिला लागतेच की."

"म्हणजे मी रोज ह्यातून शाळेत जायचं? अहो, ह्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं!"

"अगं, एकदा बसून तर बघ."

"बसते. पण अट ऐका. शाळेचे तीस दिवस. ह्या गाडीपायी मला एकदा, फक्त एकदा उशीर झाला, तर त्याच दिवशी गाडी विकायची. कुरकुर चालणार नाही."

कवळीकारानं मान डोलावली. दुसरं करतो काय? घरातला सोफा बाईंनी निवडलेला, चष्म्याची फ्रेम लेकीनं, बुटांचा रंगसुद्धा मेव्हण्यानं. उभ्या आयुष्यात स्वतःच्या मनानं घेतलेली ही एकच वस्तू. ती हातची जाऊ नये म्हणून तो जिवाचं रान करायला तयार होता.

आणि केलंही. पहाटे उठून तो गाडीची मनधरणी करायचा. सुरू झाली नाही तर उतारावरून ढकलायचा. म्हणून गाडी कायम उतारावरच लावायची, मग तिथून घरापर्यंत कितीही चालावं लागो. दाराची मूठ तुटली, ती त्यानं कवळीच्या मसाल्यातून घडवली, गुलाबी. गिअरच्या दांड्याची मूठ हरवली, तीही गुलाबी. शेजारीण म्हणाली, "गाडीला हिरड्या फुटल्या की हो!" मागे ठेवलेल्या डब्यांतल्या कवळ्या प्रत्येक खड्ड्याला कडकड वाजायच्या. पहिले काही दिवस बाई पर्स छातीशी धरून बसायच्या. दहाव्या दिवशी त्यांनी छत उघडायला सांगितलं, "उकडतंय" म्हणून. उकडत वगैरे काही नव्हतं. कवळीकारानं लगेच छत उघडलं. शहाण्यानं अशा वेळी गप्पच बसावं.

सत्ताविसाव्या दिवशी, दहा वाजून आठ मिनिटांनी, भर रस्त्यात गाडीनं मान टाकली. इंजिन चालू, पण पेडल कितीही दाबा, वेग नाही. कशीबशी कडेला घेऊन त्यानं इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला. पायाखालच्या पेडलपासून आत जाणारी दांडी इंजिनावरच्या धातूच्या गोळीला जिथं अडकते, तिथली प्लॅस्टिकची चिमुकली वाटी फुटली होती.

"झालं?" बाईंनी घड्याळ बघत विचारलं.

"नाही झालं. तुझा थर्मास दे. आणि ओठांना लावायचं ते मलम."

घशासाठी बाई गरम पाणी बरोबर ठेवायच्या. मलम त्यानं त्या धातूच्या गोळीला चोपडलं, मसाला चिकटून बसू नये म्हणून. दवाखान्यात ऐनवेळी तुटकी कवळी सांधायची पूड आणि द्रव त्याच्या पिशवीत असायचेच. दोन्ही कालवून गुलाबी गोळा केला, दांडीच्या टोकाला लावून गोळीवर दाबून बसवला आणि वर रुमाल गुंडाळला.

"ही दांडी धर. आठ मिनिटं अजिबात हलायचं नाही. मी वरून गरम पाणी सोडतो, म्हणजे लवकर घट्ट होईल."

मोठ्या बाई बॉनेटखाली वाकल्या. आणि नेमकी तेव्हाच समोरच्या थांब्यावर बस आली. शाळेच्या दारात सोडणारी. दहा वाजून सतरा मिनिटं. बसनं गेल्या तर बाई आरामात वेळेवर पोचणार.

बस पकडायची वेळ आली, म्हणजे गाडी हरलीच. पण सतरा वर्षांचं तिचं व्रत आपल्या हौसेपायी मोडायचं? छे!

"जा तू," तो म्हणाला. "खरंच जा. गाडी विकतो मी."

बाईंनी बसकडे पाहिलं. हातातल्या दांडीकडे पाहिलं. "पाणी ओता," त्या म्हणाल्या. "थंड होतंय."

"अगं, बस!"

"मला दिसतेय. आंधळी नाहीये मी. ओता म्हणते ना!"

बस निघून गेली. कवळीकार पाणी ओतत राहिला.

वाटी बसली, झकास बसली. गाडी अशी पळाली की मागच्या कवळ्यांनी टाळ्या पिटल्या. पण घंटा थांबते थोडीच! दहा वाजून चौतीस मिनिटांनी बाई फाटकातून तरातरा आत गेल्या. हात कोपरापर्यंत काळे, एका बोटाला गुलाबी मसाला. थर्मास गाडीतच राहिला होता. तो घेऊन कवळीकार मागोमाग गेला. दुसऱ्या हातात किल्ली होती, बाईंच्या हवाली करायला. शब्द म्हणजे शब्द.

ऑफिसात सगळा स्टाफ श्वास रोखून उभा होता. बाईंनी उशिराची वही ओढली, लिहिलं, आणि शिपायापुढे सरकवली. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं. "बाई, हे कारण..."

"खरं आहे. ठेव."

कवळीकारानं त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'वेळेवर पोचवणारी बस समोर आली होती. मी चढले नाही.'

गाडीचा त्यात कुठं उल्लेखच नव्हता.

त्याचे डोळे भरून आले. किल्ली धरलेला हात तसाच पुढे राहिला. बाईंनी किल्लीकडे न बघता दुसऱ्या हातातला थर्मास तेवढा घेतला.

"असे बघत काय उभे राहिलात?" त्या म्हणाल्या. "जा, लोक दातांवाचून खोळंबलेत. आणि उद्यापासून दहा मिनिटं लवकर निघायचं."